गावपळणीतली सहल

घरादाराला घेऊन कुठे जायचं असेल तर ते काम माझ्यावर सोपवावं, असं मी आजही कुणालाही छातीठोकपणे सांगते. माझं माहेर मसुऱ्याचं. आंगणेवाडीच्या जत्रेत वाढलेल्या पोरीला गर्दीचं भय कोण घालणार? कुठल्या रांगेत शिरायचं, कुठली टाळायची, भूक लागायच्या आधी पोटात काय ढकलायचं आणि कुणी चुकलंच तर कुठल्या खांबाशी येऊन उभं राहायचं, हे मी पाटीवर अक्षरं गिरवायच्या आधी शिकले होते. त्यामुळे आमच्या दोन पोरांनी मुंबईच्या त्या खाडीपलीकडच्या मोठ्या पार्कचा धोशा लावला तेव्हा मला तिथल्या पाळण्यांची, घसरगुंड्यांची आणि गर्दीची काडीइतकी काळजी वाटली नाही. माझी काळजी वेगळीच होती.

ती काळजी म्हणजे वहिनी. माझी थोरली जाऊ.

आमचं घर खाडीच्या तोंडाशी. आमचे हे होडी घेऊन मासेमारीला जायचे, मी बाजारात बसायचे. थोरले दीर मुंबईत गिरणीच्या बाजूला नोकरीला, आणि राहायला गावकऱ्यांच्या खोलीत. गावातल्या बाप्यांनी मिळून घेतलेली ती खोली. दोरीवर लेंगे, भिंतीला ट्रंका, आणि पाळी लावून झोपायचं. तिथे बायकामाणसांना जागा कुठली? म्हणून वहिनी गावाला. आधी सासू-सासऱ्यांसाठी, ते गेल्यावर गायीसाठी, कोंबड्यांसाठी, देवाजवळच्या दिव्यासाठी. दीर गणपतीला आणि शिमग्याला यायचे, आणि गेले की वहिनी पुन्हा आपल्या कामाला लागायच्या. त्यांची मुलगी लग्न होऊन बांद्याला गेली, तिचं पोर शाळेत जायला लागलं, तरी वहिनींनी मुंबई पाहिलेली नव्हती. मुंबई राहू द्या, कुणकेश्वरची यात्रासुद्धा त्यांनी धडपणे केली नव्हती. आम्ही कुठे निघालो की त्या ओसरीच्या पायरीवर येऊन उभ्या राहायच्या, पोरांच्या हातात काहीतरी खाऊ कोंबायच्या आणि म्हणायच्या, "तुमी जावा. मी आसंय हंय."

तुम्ही जा, मी आहे इथे, या वाक्याचा मला राग यायचा. त्यांचाही यायचा, आणि घरातल्या बाकीच्यांचा तर फारच. कारण पार्कचा विषय निघाला तेव्हा यांनी पहिलं काय विचारावं? "पन घर कोण बगतला?" आणि माझं तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर दिलं, "तशी वयनी आसा म्हणा." विळी, पाटा, वरवंटा, तशी वहिनी. मी त्या दिवशी यांना सुकी भाकरी वाढली आणि सांगून टाकलं, "वयनी येतली तर जावया. नायतर पोरांका घराकडेच पाळणो बांदा."

बोलून तर बसले. पण वहिनी उठणार कशा? हा पेच मी किती दिवस डोक्यात घोळवत होते. आणि एक दिवस बाजारात बांगडे वाटे लावून बसले असताना समोरची बाई सहज बोलली, "औंदा गावपळण ना गो तुमची?"

हातातला बांगडा हातातच राहिला.

बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या गावात काही वर्षांनी एकदा देव सगळ्या गावाला बाहेर काढतो. कौल लावून दिवस ठरतो, ढोल वाजतो, आणि तीन दिवस तीन रात्री गावात माणूस थांबत नाही. माणूस नाही, गुरं नाहीत, कोंबडा नाही, मांजरसुद्धा पिशवीत घालून नेतात. चूल विझलेली, दिवा नाही, शाळा बंद. सगळा गाव वेशीबाहेर व्हाळापलीकडे, म्हणजे ओढ्याच्या पल्याड, माडाच्या झापांच्या झोपड्या घालून राहतो. बायका फुगड्या घालतात, बाप्ये कुर्ल्या-खेकडे पकडतात, भजनं होतात, मजा असते. तिसऱ्या दिवशी मानकरी देवळात जाऊन पुन्हा कौल घेतात. देवाने होय म्हटलं तर चौथ्या दिवशी सकाळी गाव भरतो, नाही म्हटलं तर मुक्काम वाढतो.

म्हणजे बघा. इतक्या वर्षांतून तेवढे तीनच दिवस असे, की घर राखायला कुणी थांबायचंच नाही. राखायला थांबलं तर देवाचा कोप. वहिनींची ती पायरीच देव काढून घेणार होता. मी उरलेले बांगडे पडत्या भावात दिले आणि घरी आले.

पहिला विरोध झाला तो मानकरी काकांचा. ते आमचे चुलत सासरे, आणि गावपळणीचं सगळं त्यांच्या शब्दावर चालायचं. ते अंगणात येऊन बसले, पान जमवलं आणि म्हणाले, "भायर म्हणजे व्हाळापलीकडे. मुंबय न्हय."

"काकानू," मी पदर सारखा करून म्हटलं, "देवान भायर जावक सांगल्यान. किती भायर ता सांगल्यान काय?"

काकांनी पान तोंडात घातलं आणि बराच वेळ चावत राहिले. हे दाराआडून मला गप्प राहायच्या खुणा करत होते. शेवटी काका म्हणाले, "तोंडाळ आसस." पण बोलण्यात राग नव्हता. त्यांनी दोन अटी घातल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी व्हाळापलीकडच्या चहावाल्याकडे फोन करून कौल काय झाला ते विचारायचं. आणि गाव भरेल तेव्हा घरातली पहिली चूल थोरल्या सुनेने पेटवायची, त्यात हयगय चालणार नाही. मी दोन्ही कबूल केल्या.

दुसरा विरोध गायीचा. ती गाय वहिनींशिवाय कुणालाही जवळ उभी करायची नाही. मी एकदा चरवी घेऊन गेले होते तर लाथेने चरवी केळीत आणि मी शेणात. "गायीचा दूद कोण काडतला?" हा वहिनींचा हुकमाचा पत्ता होता, आणि तो त्या दर वेळी शांतपणे टाकायच्या.

"मसुऱ्याक माझ्या आवशीकडे धाडतंय गाय," मी म्हटलं.

"तुझ्या आवशीक ती मारतली."

"तुझा लुगडा नेसल्यार नाय मारूची."

वहिनी हसल्या. पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. गाय वासाला ओळखते, तोंडाला नाही. देवाने तारीख द्यायच्या कितीतरी आधीच मी गाय माहेरी पोचवली आणि वहिनींचं एक न धुतलेलं लुगडं आईला दिलं. पहिल्या दिवशी आईला लाथ बसली. दुसऱ्या खेपेला वहिनी स्वतः मसुऱ्याला गेल्या, आईच्या शेजारी बसल्या, आईचा हात आपल्या हाताखाली धरून त्यांनी दूध काढलं. मग हात काढून घेतला. गायीने मान वळवून पाहिलं, लुगडं हुंगलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ही गायीक सांबाळता म्हणतत, माका दिसता गायच हिका बांदून घालता." वहिनींनी ते ऐकलं असावं. परतताना एसटीत त्या खिडकीबाहेर बघत होत्या, आणि गाय बरी राहील की नाही हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

आता प्रवास. रेल्वेला दोन महिने आधी कळवावं लागतं, आणि आमचा देव काही इतक्या आधी सांगत नाही. तेव्हा कोकण रेल्वे नवी नवी होती, सगळ्यांना तिचं कौतुक, पण मी तिचा नाद सोडला. कणकवलीहून सुटणाऱ्या खासगी बसच्या माणसाला जाऊन भेटले आणि बजावलं, "देवान दिवस दिल्यान काय पयलो फोन तुका." तो बिचारा मला वेडी समजला. पण ढोल वाजायच्या आधी आमच्या जागा धरलेल्या होत्या.

कपड्यांचंही मी ठरवून टाकलं होतं. एकाच ताग्यातलं पिवळंधमक कापड घेतलं आणि त्यातून पोरांना, यांना, मला, सगळ्यांना शिवलं. वहिनींना त्याच रंगाची साडी. हे म्हणाले, आता फक्त ताशा गळ्यात घालायचा राहिला. म्हणू देत. जत्रेत हरवलेलं पोर लांबून दिसतं ते कपड्यावरून. मुंबईत दीर बसस्टॉपवर घ्यायला आले तेव्हा त्यांनासुद्धा मी पिवळा शर्ट काढून दिला. नोकरीच्या माणसाने तो मुकाट्याने घातला, कारण ते वहिनींकडे बघत होते. वहिनी मुंबईच्या फुटपाथवर उभ्या होत्या. दीर नुसतं "इलंस?" म्हणाले. वहिनी म्हणाल्या, "इलंय." आलीस आणि आले, एवढंच. माझे डोळे भरून आले आणि मी पोरांवर खेकसले.

भाईंदरला माझ्या बहिणीकडे एक दिवस विसावा घेतला. तो दिवस मी मुद्दाम ठेवला होता. दमलेल्या माणसाला स्वर्गात नेलं तरी तो झोपायलाच जागा शोधतो. पार्कमध्ये बाहेरचं खाणं नेता येत नाही, हे बहिणीकडून आधीच काढून घेतलं होतं. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी जेट्टीवरच सगळ्यांना आंबोळ्या आणि चटणी पोटभर खाऊ घातली. मग खाडी ओलांडायची बोट. आमचे हे बोटीत बसलेच नाहीत, सुकाणूवाल्याच्या पाठीशी उभे राहून त्याची उलटतपासणी घेत होते. "ह्यो निजलो हा काय? लाट आडवी घेता!" तो मनुष्य पार टेकीला आला होता. मी यांना ओढून बसवलं.

आत शिरल्यावर सगळे लोक पहिल्याच पाळण्यापाशी थबकले, रांगा लागल्या. मी माझ्या पिवळ्या पलटणीला तिथून सरळ पुढे काढलं, थेट पार्कच्या पार मागच्या टोकाला. जत्रेतही तसंच असतं. पहिल्या दुकानाशी गर्दी, शेवटचा खाजेवाला माश्या मारत बसलेला. शाळेचे दिवस, मधला वार. मागे शुकशुकाट होता. पोरं एका पाळण्यातून उतरायची आणि दुसऱ्यात चढायची. हे पोरांपेक्षा जास्त ओरडत होते. लोकांची जेवणाची रांग लागायच्या आत आमचं जेवणही उरकलं. मी खूश होते. अगदी उघड सांगते, मी स्वतःवर फार खूश होते.

आणि मग माझं लक्ष बाकड्याकडे गेलं.

वहिनी बाकड्यावर बसल्या होत्या. एका बाजूला आमच्या सगळ्या पिशव्या, मांडीवर पोरांचे टॉवेल. सकाळपासून त्या एकाही पाळण्यात बसल्या नव्हत्या. प्रत्येक ठिकाणी जवळचं बाकडं शोधायचं, सामान मांडायचं, आणि हात हलवून म्हणायचं, "तुमी जावा. मी आसंय हंय."

माझं डोकंच फिरलं. देवाने गाव रिकामा केला, मी गाय समजावली, काकांना बोलण्यात गुंडाळलं, ही बाई एवढ्या लांब आणली, आणि इथे येऊन तिने बाकड्याचं घर केलं! मी पिशव्या उचलल्या, सामान ठेवायच्या खोलीत नेऊन कुलपात टाकल्या, आणि किल्ली दिरांच्या खिशात कोंबली. "आता कित्याक राखण करतलंस?" मी विचारलं.

पुढे पाण्याची घसरगुंडी आली, सगळ्यांनी चपला काढल्या, आणि मी वळून बघते तर वहिनी चपलांच्या जोड्या लावून त्यांच्याशेजारी बसलेल्या. मला रडू यायचंच बाकी राहिलं. दिरांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. त्यांनाही काय करावं कळत नव्हतं. इतकी वर्षं त्यांच्यासाठीच तर ती राखण चालली होती.

दुपार झाली. फोन करायचा होता. हे पोरांबरोबर पाण्यात राहिले, तिथल्या बूथवर मी आणि दीर गेलो, आणि वहिनीही आल्या, कारण चूल त्यांना पेटवायची होती. संध्याकाळच्या बसच्या परतीच्या जागा धरलेल्या होत्या. कौल मिळणार, आपण पहाटे वेशीवर हजर, असा माझा हिशेब चोख होता. फोनवर काकाच आले. मागे ढोलकी, कोंबडे, पोरांचा कालवा.

"कौल गावलो नाय," काका ओरडले. "देव नाय म्हणता. आजून एक दिवस भायर. घाय करू नकात!"

मी फोन ठेवला. परतीच्या जागा, बहिणीकडे आणखी एक मुक्काम, यांची होडी, माझा बाजार, सगळं डोक्यात एकदम उठलं. माझ्या आखणीतला हा पहिला चिरा हलला होता. आणि वहिनी आता गायीचं काढणार, या धास्तीने मी त्यांच्याकडे बघितलं.

वहिनींनी विचारलं, "म्हणजे उद्यासुद्दा थंय कोण नसतला?"

"नाय."

"घरात? गोठ्यात? कोणच नाय?"

"कोणच नाय गो वयनी. गाव मोकळो."

त्यांनी बूथकडे पाठ फिरवली. मग घसरगुंडीकडे गेल्या, आणि चपलांकडे बोट दाखवून पोरांना म्हणाल्या, "चला, घाला आपापल्यो. मी काय चपला राखूक इलंय?"

आणि चालायला लागल्या. कुठे ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. त्यांच्या पाठीमागे आम्ही सगळे पिवळे. त्या थेट आकाशपाळण्यापाशी जाऊन थांबल्या. सकाळपासून प्रत्येक बाकड्यावरून त्यांना तोच दिसत असणार. मला मात्र ते तोवर सुचलं नव्हतं.

एका पाळण्यात वहिनी, दीर आणि मी. दुसऱ्यात हे आणि पोरं. पाळणा सुटला आणि दिरांनी समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून डोळे मिटले. इतकी वर्षं मुंबईत काढलेला माणूस, त्याच्या तोंडातून रामनाम निघत होतं. वहिनी ताठ बसल्या होत्या. पाळणा वर गेला, झाडं खाली राहिली, खाडी दिसली, खाडीपलीकडची घरं दिसली, आणि एका बाजूला समुद्र. वर पोचल्यावर पाळणा माणसं घ्यायला थांबला. वारा होता.

"आमचो गाव खंयच्या बाजूक?" वहिनींनी विचारलं.

दीर डोळे उघडायला तयार नव्हते. मी समुद्राच्या कडेकडेने दक्षिणेला हात केला. वहिनी तिकडे बघत राहिल्या. दिसण्यासारखं काय होतं? धुरकट किनारा आणि पाणी. पण त्या डोळे बारीक करून बघत होत्या, जणू आमच्या घराची कौलं मोजत होत्या.

"आज थंय कोण नाय," त्या म्हणाल्या. "दिवो नाय, गोरू नाय, कोंबडो नाय. माका हाक मारूक कोण नाय गो."

मला वाटलं त्या रडणार. मी त्यांचा हात धरायला हात पुढे केला. पण त्यांनी दांड्यावरचे दोन्ही हात काढले, वाऱ्याने विस्कटलेला अंबाडा सोडला आणि तिथेच, एवढ्या उंचीवर, सावकाश पुन्हा बांधला. घरी सकाळी केस बांधताना त्यांना निवांत बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. एक पीन दातात आणि एक पाय गोठ्याकडे. त्या दिवशी त्यांनी बांधलेला अंबाडा सोडून परत बांधला. मनासारखा झाला नव्हता म्हणून.

मग पाळणा खाली आला. दीर घाईघाईने उतरले आणि जवळच्या बाकड्यावर डोकं धरून बसले. पाण्याची बाटली घेऊन पोरं त्यांच्याकडे धावली. मी उतरले आणि वहिनींना हात द्यायला वळले. मागे रांग नव्हती. मधला वार, दुपारची वेळ, सगळं माझ्या आखणीप्रमाणे. पाळणेवाला दार धरून उभा होता आणि वहिनींकडे बघत होता.

वहिनी उठल्या नाहीत. त्यांनी पदर खोचला, पाठ टेकली आणि मला हाताने बाजूला व्हायची खूण केली.

"तुमी जावा," त्या म्हणाल्या. "मी आसंय हंय."